कॅपिटलचा दुष्काळ, कॅपिटलचा सुकाळ

दहावीचे इंग्रजी निबंध तपासतेय आणि डोकं उठलंय! देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, पहिली-दुसरीत घोळ होणार, मान्य. पण 'मी' या अर्थाचा 'आय' वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच, हे दहावीतही सांगत बसायचं? मंडे, जानेवारी बिचारे स्मॉलमध्ये, आणि समर, विंटर मात्र थाटात कॅपिटल. मदर, मँगो, स्कूल... ज्याच्यावर जीव जडला ते अक्षर मोठं. जणू आदरार्थी बहुवचनच!

अपॉस्ट्रॉफीचं तर विचारूच नका. अनेकवचन दिसलं की एसच्या आधी टांगलाच तो. बुक्स, पेन्स, मँगोज, कोणी सुटत नाही. आणि 'डोन्ट', 'कान्ट'मध्ये, जिथे तो हवाच, तिथे गायब. स्वल्पविरामाआधी ऐसपैस जागा, नंतर शून्य.

पूर्णविराम? पानभर एकच वाक्य, 'अँड'ला 'अँड' जोडत. अरे, पूर्णविराम तर मराठीतही हाच आहे, तसाच टिंब! तिथे लिपीचं निमित्त कसलं सांगता?

वर उत्तर काय, तर "मॅडम, मोबाईल आपोआप कॅपिटल करतो." बरं. मग बोर्डाचा पेपर मोबाईलवर लिहिणार आहात का?