फ्लशला गरम पाणी

कमोडची टाकी वाफाळत्या पाण्यानं भरतेय आणि बादलीत मात्र कोमट, हा थाट बऱ्याच घरांत चालतो. त्याचं बिल विजेच्या मीटरवर फाडलं जातं. आजीच्या मते गच्चीवरची टाकी उन्हानं तापली, चिरंजीवांच्या मते थर्मोस्टॅट गेला. गिझर बदलण्याची चर्चा सुरू होते. माझं म्हणणं एवढंच, की आधी मिक्सरकडे, म्हणजे गरम आणि गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाकडे बघा.

जेट किंवा हँड शॉवर मिक्सरवर जोडलेला असतो. मंडळी आंघोळ झाली की हातातलं बटण सोडतात आणि मिक्सर तसाच उघडा ठेवून टॉवेल गुंडाळून निघतात. आता मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाइन एकमेकींना मोकळ्या. पाण्याला शिस्त कसली? दाब कमी दिसला की निघालं तिकडे. कुणी फ्लश केला, गार लाइनचा दाब पडला, की गिझरमधलं पाणी मिक्सरमधून थेट कमोडच्या सेवेला.

खात्री करायची तर गिझरचं बटण बंद करा, त्याचा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि बेसिनचा गरम नळ सोडा. धार क्षणभर येऊन थांबायला हवी. वाहतच राहिली तर कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी घुसतंय. मग एकेका मिक्सरचे कॉक बंद करत जा. ज्याच्यापाशी धार तुटली तो गुन्हेगार. शिक्षा म्हणून त्याच्या दोन्ही लाइनवर अर्धा इंची एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह.

एनआरव्हीवर बाण असतो. तो शोभेचा नाही, पाणी जायचं ती दिशा आहे. शेजारी युनियन, म्हणजे पान्यानं खोलता येणारा जोड, घालून घ्या, म्हणजे साफ करताना पाइप कापावा लागत नाही. वरच्या मजल्यावाल्यांनी मात्र स्प्रिंगचा बसवू नये. टाकी डोक्यावर तीन मीटर असली तर दाब जेमतेम 0.3 बार, त्यातला थोडा स्प्रिंग उघडण्यातच जातो आणि शॉवर ठिबकतो. तिथे झडपेचा बरा. तो आडव्या पाइपवर टोपी वर करून किंवा वर चढणाऱ्या उभ्या पाइपवर बसवायचा.

गिझरच्या इनलेटलाही, म्हणजे गार पाणी आत शिरतं तिथेही, एक एनआरव्ही हवा, नाहीतर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गिझरही मागल्या पायी रिकामा होतो आणि कॉइल कोरडी जळते. बहुतेक गिझरसोबत येणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये तो असतोच. तापलेलं पाणी फुगतं, मागे जायला वाट नसते, म्हणून हा व्हॉल्व्ह अधूनमधून थेंब टाकतो. ते त्याचं कामच आहे. पण फरशी ओली होते म्हणून त्या भोकात स्क्रू ठोकणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी बिऱ्हाड बदलावं. थेंबांचं एवढंच वावडं असेल तर बारीक नळी लावून ते मोरीत सोडा, नळीचं तोंड उघडं ठेवून.

झाल्यावर तासभर गिझर चालवा, मग इनलेटचा पाइप चाचपा. एनआरव्हीच्या अलीकडे वीतभरावर गार लागला तर ठीक. ऊन लागला तर वायसरखाली वाळूचा कण अडकलाय. टाकी धुतल्यानंतर हे हमखास होतं. युनियन खोला, कण काढा.