जड चाकातून फुकट वीज मिळते का? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षे एक चित्रफीत मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा पुन्हा येत असते. लोखंडी चौकटीवर एक अश्वशक्तीची मोटार बसवलेली असते, ती पट्ट्याने शंभरेक किलो वजनाचे चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरवते, चाकावरून दुसरा पट्टा पाच किलोवॉटच्या अल्टरनेटरवर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या जनित्रावर, जातो आणि अल्टरनेटरची वीज परत मोटारीला जोडलेली असते. सोबतच्या मजकुरात सांगितलेले असते की, चाकाने वेग घेतला की बाहेरची वीज काढून टाकावी, यंत्र आपोआप चालत राहते आणि शिवाय घर व शेतीचा पंप चालवण्याइतकी वीज उरते. माझ्या मावसभावाने या यंत्रासाठी आगाऊ रक्कम द्यावी का, असे मला विचारले. विहिरीवरची मोटार सुरू करायला रात्री दोन वाजता शेतात जाणाऱ्या माणसाला असे यंत्र हवेसे वाटावे, यात त्याची काहीच चूक नाही. मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘हे खोटे आहे’ एवढेच सांगून त्याची बोळवण करणे मला पटले नाही. त्या मजकुरात दिलेले प्रत्येक कारण मी त्याच्यासोबत तपासले.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे दिलेले असते की, जड चाकामुळे शक्ती कित्येक पटींनी वाढते. हा समज कारखान्यातल्या खऱ्या अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसला लहानशी मोटार असते आणि तरीही तिचा ठोका जाड पत्रा सहज कापतो. दीड किलोवॉटची मोटार एका सेकंदात चाकात १,५०० ज्यूल ऊर्जा भरते आणि ठोका तेवढीच ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागात काढून घेतो, असे धरले तर त्या क्षणापुरती शक्ती १५ किलोवॉट भरते. शक्ती दहापट झाली, हे खरे आहे. ऊर्जा मात्र भरली तेवढीच, १,५०० ज्यूल, बाहेर आली. शक्ती म्हणजे ऊर्जा देण्याचा दर आणि ऊर्जा म्हणजे प्रत्यक्ष दिलेले परिमाण, हा फरक विसरला की चाक ही साठवणीची टाकी न वाटता झरा वाटू लागते.

चित्रफितीतल्या टाकीत किती मावते, याचाही हिशेब करता येतो. १०० किलो वजनाची, ३० सेंटीमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे ५५,५०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एवढ्या मोठ्या, घोंघावणाऱ्या चाकात एका युनिटचा जेमतेम पासष्टावा भाग असतो. त्यातून पेलाभर, म्हणजे सुमारे १९० मिलीलिटर, पाणी चहासाठी उकळीपर्यंत नेता येईल. पाच किलोवॉटचा भार टाकला तर ही सगळी ऊर्जा ११ सेकंदांत संपते, आणि ती भरायला एक अश्वशक्तीच्या, म्हणजे ७४६ वॉटच्या, मोटारीला घर्षण अजिबात नाही असे मानले तरी ७४ सेकंद लागतात. ११ सेकंदांत रिकामी होणारी आणि ७४ सेकंदांत भरणारी टाकी अखंड कशी वाहील, हा प्रश्न मी भावापुढे ठेवला तेव्हा तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

दुसरे कारण पुल्यांचे. लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर पट्टा घेतला की जोर वाढतो आणि म्हणून ऊर्जाही वाढते, असे म्हटलेले असते. यातले पहिले विधान बरोबर आहे, दुसरे चूक आहे. गॅरेजमध्ये चेन पुलीने एकटा माणूस २०० किलोचे इंजिन उचलतो, ते जवळून पाहावे. इंजिन ३० सेंटीमीटर वर येते तेव्हा त्याच्या हाताखालून किती साखळी सरकली, ते मोजावे. तो २० किलो वजनाइतक्या जोराने ओढत असेल तर किमान ३ मीटर साखळी ओढावी लागते, घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. बल दसपट झाले, तर अंतर एक दशांश झाले. बल आणि त्या बलाच्या दिशेने कापलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य, आणि तो कोणत्याही पुलीने, दात्यांच्या चाकाने किंवा तरफेने वाढत नाही. पट्ट्याच्या यंत्रातही जोर वाढला की त्याच प्रमाणात फेरे कमी होतात.

तिसरे कारण असे की, अल्टरनेटर नुसता फिरवायचा असतो आणि त्याचे बेअरिंग चांगले असले की त्याला काही जोर लागत नाही. भार नसताना हे जवळजवळ खरे आहे. भार जोडला की चित्र बदलते, आणि ज्यांनी जुन्या सायकलीला डायनॅमो लावून अंधारात प्रवास केला आहे त्यांना हे पायांनीच कळलेले आहे: डायनॅमो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचे. त्यातले काही घर्षण होते, पण बाकीचे दिव्याचे मोल होते. वेटोळ्यातून विद्युतधारा वाहू लागली की तिचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र फिरण्याला विरोध करते; फॅरेडेने १८३१ मध्ये चुंबकापासून वीज मिळवून दाखवली आणि लेन्झने १८३४ मध्ये या विरोधाचा नियम मांडला. लग्नाच्या मांडवामागच्या डिझेल जनरेटरवर एकदम सगळे दिवे लागले की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि धूर वाढतो, तो याच नियमामुळे. अल्टरनेटरवर लिहिलेले पाच किलोवॉट म्हणजे त्याची कमाल क्षमता. ती मिळवायची तर आसावर पाच किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती द्यावीच लागते.

चौथ्या कारणात न्यूटनचे नाव येते: जडत्वाच्या नियमानुसार फिरणारी वस्तू फिरतच राहते. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या नियमातली अट मात्र गाळलेली असते. बाहेरून बल लागत नसेल तरच गती तशीच राहते, आणि चाकाकडून वीज घेणे म्हणजेच त्याला ब्रेक लावणे. शिवाय लहान मोटार, पट्टे आणि अल्टरनेटर प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णतेत घालवतात. मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्के, पट्ट्यांची ९५ आणि अल्टरनेटरची ८० टक्के धरली, तर आत गेलेल्या १,००० वॉटपैकी ५७० वॉट बाहेर येतात. ते परत आत दिले की पुढच्या फेरीला त्यांचेही ३२५ होतात.

त्याच मजकुरातला भास्कराचार्यांचा उल्लेख मला विशेष खटकतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे, ही गोष्ट खरी आहे. पण पारा जेवढा खाली येतो तेवढाच त्याला परत वर न्यावा लागतो, आणि पूर्ण फेरीअंती गुरुत्वाकर्षणाचा हिशेब शून्य होतो. भास्कराचार्यांचे मोठेपण त्यांच्या गणितात आहे आणि ते प्रत्येकाला तपासून पाहता येते. त्यांच्या नावाची ओळ यंत्र विकण्यासाठी वापरणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

कंपन्या आणि सरकार हा शोध दडपतात, हे पाचवे कारण. फ्रेंच विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच स्वयंचलित शाश्वत गतीचे प्रस्ताव तपासणे बंद केले, तेव्हा वीज विकणारी एकही कंपनी अस्तित्वात नव्हती. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातही निसर्गाच्या सुप्रस्थापित नियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा शोध मानला जात नाही. ऊर्जा साठवून परत मिळवण्याचे काम तर सरकारी पातळीवर उघडपणे होते: सह्याद्रीतल्या घाटघर येथील २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घेतात. चढवताना लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, आणि तरीही तो उपयोगी आहे, कारण वीज हव्या त्या वेळी मिळते.

राहिला प्रश्न ‘डोळ्यांनी दिवे पेटलेले दिसतात’ याचा. दिसतात, आणि त्यासाठी लपवलेली तार असायलाच हवी असेही नाही. नऊ वॉटचे दहा एलईडी दिवे ९० वॉट घेतात. ५५,५०० ज्यूलमध्ये हा भार कागदावर दहा मिनिटे चालतो. घर्षण, पट्टे आणि मंदावणारा वेग धरले तरी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत त्यात सहज निघते. म्हणून मी भावाला विक्रेत्याकडे एकच मागणी करायला सांगितले. यंत्र सिमेंटच्या मोकळ्या ओट्यावर ठेवावे, बॅटरी आणि बाहेरची तार काढावी, त्यावर तीन अश्वशक्तीचा पंप जोडावा आणि विहिरीचे पाणी सलग एक तास पाटात पडताना दाखवावे. जे चाक तेवढा भार अर्धा मिनिटही ओढू शकत नाही, त्याला झाकायला एक तास फार मोठा आहे.