शेवटचे साठ फूट

उपग्रहाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशचे चॅनल पाठवणारा जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला, विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जाऊन बसला आणि तेव्हापासून गुमान आपलं काम करतोय. त्याने सोडलेली लहर पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सेकंदाच्या आठव्या हिश्शात पोचते. तिला ना एनओसी लागते, ना कुणाची मनधरणी. छळ सुरू होतो तो गच्चीपासून हॉलपर्यंतच्या साठ फुटांत.

विषय काढला सासूबाईंनी. "जावईबापू, तुमच्याकडे सह्याद्री दिसत नाही का हो?" वायफायवर दाखवून पाहिलं. पण ऐन बातम्यांत गरगरणारं चक्र त्यांना पसंत पडेना. शेवटी दूरदर्शनची फ्री डिश घ्यायचं ठरलं. डिसेंबर २००४ पासून ही सेवा आहे. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदा मोजले की पुढे महिन्याला काही द्यावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मीही सासूबाईंच्या पक्षात गेलो.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी वास्तुशास्त्राचे जाणकार. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "डिशचं तोंड कुठे?"

"आग्नेयेला."

"आग्नेयेला चूल चालते. हे असलं नाही चालत. ईशान्येला करा."

ईशान्येला उपग्रहच नाही, हे सांगण्यात माझी सकाळ गेली. टीव्हीचे हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर टांगलेले, आपण त्याच्या उत्तरेला, म्हणजे आपल्याला ते दक्षिणेच्या अंगालाच दिसणार. हा तर पुण्याहून बरोबर आग्नेयेला, होकायंत्रावर १३२ अंशांच्या आसपास. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इस्रोवाल्यांनी आधी विचारायला हवं होतं." मग अर्जावर सही केली, खाली अट घालून: स्लॅबला भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगची वर्गणी अजून निम्म्या लोकांनी दिलेली नाही.

१९७५ साली आपल्या देशात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला होता. डिश कसल्या, तर कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या, दहा-दहा फुटी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आमच्यासारख्या सोसायट्यांची कुणकुण त्यांना आधीच लागली असावी.

डिश बसवायला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला मुलगा आला. कठड्याच्या भिंतीत त्याने चार बोल्ट ठोकले आणि म्हणाला, "काका, खाली टीव्हीपाशी कुणीतरी आकडे वाचायला बसवा." सासूबाई बसल्या. स्क्रीनवर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथची, एक क्वालिटीची. स्ट्रेंथची पट्टी डिशने आकाशाऐवजी पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं तरी भरलेली दिसते; खरा हिशोब क्वालिटीचा. डिश एका अंशाने हलली की तिकडे वर सहाशेहून जास्त किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून मुलगा नट सैल करून केसभर सरकवायचा आणि मी जिन्यात उभा राहून ओरडायचो, "आता?"

"स्ट्रेंथ आहे, पण क्वालिटी शून्य!" सासूबाई खणखणीत आवाजात सांगायच्या.

हे वाक्य तिन्ही मजल्यांवर ऐकू गेलं. तळमजल्यावरच्या काकू दारात येऊन थांबल्या. जावयाबद्दल सासूने इतकं उघड बोलावं, याचं त्यांना नवल वाटलं असणार.

शेवटी क्वालिटी सापडली, आणि वारा सुटताच गेली. शेजारच्या बंगल्यातला नारळ नेमका आग्नेयेला. झावळी डोलली की निवेदिका अर्ध्या वाक्यात थिजायची, झावळी सरली की पुढचंच काहीतरी बोलत असायची. डिश कठड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली, आणि साठ फुटांचे ऐंशी झाले.

आता केबल. बिल्डरने हॉलच्या भिंतीत 'टीव्ही पॉइंट' दिलाय, सुबक पांढरी प्लेट लावून. प्लेटमागे पाइप होता. त्यात वायर ओढायची स्प्रिंग घातली तर हातभर आत जाऊन थबकली. पाइपमध्ये सिमेंट. घराचा ताबा घेतल्यापासून आम्ही ती प्लेट इमानेइतबारे पुसत होतो.

मग भिंतीला भोक. मुलाने ड्रिल लावला, विटेचा लाल भुगा सासूबाईंच्या चहात पडला, केबल आत आली. तिचं टोक सोलणं मात्र बघण्यासारखं. वरचं काळं आवरण, खाली बारीक तारांची जाळी, मग चंदेरी पन्नी, मग पांढरा फेस आणि मधोमध एकुलती एक तार. जाळीतला एखादा केस जरी मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट. कारण याच केबलमधून बॉक्स वरच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, वीजही पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. पोराने तो केस नखाने अलगद मागे सारला. इतक्या हलक्या हाताने आमच्याकडे कधी कुणी काम केलेलं नव्हतं.

भोक मात्र त्याने आतल्या बाजूला उतार देऊन पाडलं होतं. जूनमध्ये पहिल्या सरीचं पाणी केबल धरून शिस्तीत टीव्हीच्या कपाटावर उतरलं. मुलगा परत आला, बाहेर भिंतीपाशी केबलला खाली झोळ दिला, पाणी तिथेच ठिबकू लागलं. पण जोराच्या पावसावर इलाज नाही. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मोठ्या थेंबांची सर आली की त्या वाटेतच शोषल्या जातात. "म्हणजे पावसाच्या बातम्या बघायच्या तर आधी पाऊस थांबायला हवा," सासूबाईंनी निष्कर्ष काढला.

काल त्या फोनवर मिरजेच्या धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. "अगं, माणूस कशाला बोलावतेस? जावयांना आता सगळं येतं. पाठवते रविवारी." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "तिच्याकडे आग्नेयेला चिंच आहे. मोठी आहे म्हणे."