‘मेडिकलला जायचंय ना, मग बायोलॉजीच घे’ हे खरं नाही

ऑगस्ट उजाडला, मुलं डॉर्ममध्ये जायला निघाली, की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदाही आला: ‘मुलांना डॉक्टर करायचं असेल तर बायोलॉजीच मेजर (पदवीचा मुख्य विषय) घ्यायला लावा. इतिहास, इंग्रजी, संगीत घेतलं की मेडिकल स्कूलचं दार बंद. बायो घेतलं की एमकॅटची (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी आपोआप होते. आणि नाहीच जमलं तर बायोची डिग्री हाताशी राहते.’ खाली भराभर अंगठे. माझी लेक इतिहास मेजर घेऊन गेल्या वर्षी मेडिकल स्कूलमध्ये गेली. तिच्या एकटीच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, पण त्या चार वर्षांत हे सगळं जवळून पाहावं लागलं, म्हणून लिहिते.

आधी ते दार. अमेरिकेत मेडिकल स्कूल कॉलेजच्या पदवीनंतर येते, आणि ती मेजर ठरवून देत नाही, कोर्स ठरवून देते. कॉलेजागणिक थोडा फरक असतो, पण साधारणपणे एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, तेही लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, आणि बऱ्याच ठिकाणी गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. एवढं केलं की मेजर संस्कृत असला तरी अर्ज करता येतो. बहुतेक कॉलेजांत ‘प्री-मेड’ नावाचा मेजरसुद्धा नसतो, तो फक्त मेडिकलच्या तयारीचा एक मार्ग असतो.

मग आपल्याला हा मेसेज इतका पटतो का? कारण आपल्या डोक्यात अजून अकरावीचा फॉर्म आहे. तिथे बायोलॉजी सोडली की मेडिकल खरोखरच संपायचं. ती भीती आपण विमानातून बरोबर आणली आणि आता अठरा वर्षांच्या मुलांच्या गळ्यात घालतोय.

‘इतिहासवाल्यांना घेत नाहीत’ हे तर आकड्यांत टिकतच नाही. मेडिकल कॉलेजांची एएएमसी ही संघटना दरवर्षी मेजरनुसार तक्ते काढते. अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त जीवशास्त्राचे असतात, म्हणून प्रवेश घेणाऱ्यांतही तेच जास्त दिसतात. पण दर शंभर अर्जदारांमागे किती जण आत गेले हे पाहिलं, तर साहित्य-इतिहास-तत्त्वज्ञानवाले मागे नाहीत, किंचित पुढेच असतात. याचा अर्थ इतिहास घेतला की प्रवेश सोपा होतो असा मुळीच नाही. ही मुलं संख्येने थोडी, आणि ठरवून आलेली असतात. पण ‘दार बंद’ म्हणणाऱ्याने हा तक्ता एकदा उघडून पाहावा.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर याहून पुढचं पाऊल टाकलं. 1987 पासून त्यांनी मानव्यविद्यांच्या काही विद्यार्थ्यांना ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय प्रवेश दिला. 2010 मध्ये या मुलांची कामगिरी प्रसिद्ध झाली. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत त्यांचे सरासरी गुण थोडे कमी होते, पण एकंदरीत ती मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने डॉक्टर झाली. 1989 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले हॅरल्ड वार्मस ॲम्हर्स्ट कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले होते. आणि आपल्या यवतमाळकडच्या गावंडे कुटुंबातले सर्जन अतुल गावंडे? स्टॅनफर्डला बायोलॉजी आणि राज्यशास्त्र दोन्ही, मग ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र, आणि त्यानंतर हार्वर्डला मेडिसिन.

आता एमकॅट. चार भाग, प्रत्येकाला 118 ते 132 गुण. पहिला भाग मुख्यतः केमिस्ट्री, फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्रीचा, त्यात निव्वळ बायोलॉजी जेमतेम 5 टक्के. एक भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा. एक भाग नुसता उतारे वाचायचा: नऊ उतारे, 53 प्रश्न, 90 मिनिटं. आमच्या जेवणाच्या टेबलावर लेक आणि तिची बायो मेजरवाली मैत्रीण मोबाइलवर वेळ लावून हे उतारे सोडवायच्या. एकदा स्थापत्यकलेवरचा उतारा होता. मैत्रीण प्रत्येक ओळीखाली रेघ मारत गेली, शेवटी सगळंच पान निळं झालं आणि लेखकाचं म्हणणं काय ते सापडेना. लेकीने दोनच वाक्यांखाली रेघ मारली होती. तीन वर्षं जुने कागद वाचून तिला ती सवय लागली होती. उलट पुढच्या महिन्यात एन्झाइमच्या आलेखांवर तीच अडली, तेव्हा मैत्रिणीने तिला दोन रविवार बसवून शिकवलं. आपोआप कुणाचीच तयारी झाली नाही.

‘बायोची डिग्री हाताशी’ याबद्दल फार लिहीत नाही. नुसत्या बॅचलर्सवर लॅबमध्ये मिळणारी नोकरी आणि तिचा पगार ज्यांनी पाहिलाय, ते हे वाक्य पुढे पाठवणार नाहीत.

मेसेजमध्ये खरं एवढंच आहे की बायो मेजरला हे कोर्स मेजरमध्येच मोजले जातात, वेळापत्रक सोपं जातं. लेकीची ऑरगॅनिकची लॅब आणि सेमिनार एकाच दुपारी यायचे, एक सेमिस्टर पुढे ढकलावं लागलं. आणि मार्क मोजतात, मेजरच्या अवघडपणाची सूट क्वचितच मिळते. अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढून दाखवतात. म्हणून ज्याला बायोलॉजी मनापासून आवडते त्याने ती जरूर घ्यावी. धाकाने घेतलेल्या विषयात सी ग्रेड आली, तर तीही त्याच आकड्यात जाऊन बसते. आणि एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे, क्रेडिट आहेत म्हणून केमिस्ट्री सोडून देऊ नका, बरीच मेडिकल स्कूल ते धरत नाहीत.

खरंच दार बंद होतं ते दुसरीकडे, आणि त्याबद्दल ग्रुपवर एक ओळ येत नाही. आपल्यातली कितीतरी मुलं एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत. ग्रीन कार्डाच्या रांगेत एकविसावं वर्ष उलटलं की ती परदेशी विद्यार्थी ठरतात, आणि अमेरिकेतली बहुसंख्य मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही फीची रक्कम आगाऊ दाखवायला सांगतात, सरकारी कर्जही मिळत नाही. तुमचं मूल आत्ता हायस्कूलमध्ये असेल आणि व्हिसावर असेल, तर मेजरआधी परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या मेडिकल स्कूलांची यादी काढून बसा.