पिंपळ तोच, झाड दुसरं

बुद्धपौर्णिमा जवळ आली की एक संदेश हमखास फिरायला लागतो. यंदाही आलाच: ‘बोधगयेतला पिंपळ म्हणजे सिद्धार्थ ज्याखाली बसला तेच झाड, वय 2,600 वर्षं. दीक्षाभूमीवरचा पिंपळ बोधगयेहून आणलेला. त्याच्या बियांचं रोप म्हणजे त्याची हुबेहूब प्रत. नुसतं पान मिळालं तरी कुंडीत लावा, वृक्ष होईल.’ चार वाक्यं आणि चारही चुकीची. श्रद्धेचा विषय म्हणून मी आजवर गप्प होतो, पण परवा एक जण हाच संदेश दाखवत विहाराच्या दारात रोपं विकायला बसला.

पहिलं वाक्य. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग लिहितो की शशांक राजानं बोधिवृक्ष तोडला आणि मगधाच्या पूर्णवर्मा राजानं तो पुन्हा जगवला. ब्रिटिश सर्वेक्षक बुकानननं 1811 मध्ये पाहिला तेव्हा झाड जोमात होतं, पण शंभरीच्या आतलं असावं असा त्याचा अंदाज होता. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं 1862 मध्ये पाहिलं तेव्हा ते कुजत चाललेलं, काही फांद्यांची सालसुद्धा गेलेली. 1876 च्या वादळात उरलंसुरलं खोड पश्चिमेच्या भिंतीवर कोसळलं. आजचा वृक्ष 1881 मध्ये कनिंगहॅमनं लावला. म्हणजे वय दीडशेच्या आसपास. त्याचं रोप श्रीलंकेहून आलं असं बरेच जण सांगतात. कनिंगहॅमच्या स्वतःच्या वर्णनात मात्र एवढंच आहे की जुन्या झाडाच्या बिया गोळा झाल्या होत्या आणि त्याचीच कोवळी रोपं जागा घ्यायला तयार होती.

दुसरं. नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या झाडाचं मूळ अनुराधपूरला आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ते श्रीलंकेहून आणलं. सारनाथला मूलगंधकुटी विहाराजवळचा पिंपळही तिथलाच, अनागारिक धर्मपालांनी 1931 मध्ये लावलेला. यात कमीपणा कसला? सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची दक्षिणेकडची फांदी नेली, ती अनुराधपूरला रुजली आणि त्या झाडाची राखण आजवर सुटलेली नाही. बोधगयेचं झाड मध्यंतरी मेलं, पुन्हा लागलं. माळ्याच्या हिशेबानं बघाल तर लंकेतलं झाडच मूळ वृक्षाला जास्त जवळचं ठरतं.

तिसऱ्या वाक्यात खरी गोम आहे. फांदी लावली तर येणारं झाड म्हणजे तेच झाड, नव्या मुळांवर उभं राहिलेलं. बियांचं तसं नाही. पिंपळाचं फळ फोडून बघा, उंबरासारखंच आहे: फुलं सगळी आत दडलेली आणि चिलटाएवढी माशी बारक्या भोकातून आत शिरते. एकाच फळातली मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलं काही आठवड्यांनी. त्यामुळे माशी पराग आणते ते बहुतेक वेळा दुसऱ्याच पिंपळाचे. आई बोधिवृक्ष, बाप कुठल्यातरी पारावरचा! पोर घराण्यातलं खरं, पण आईची प्रत नव्हे. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथाला हा फरक चांगला ठाऊक दिसतो. त्यात लंकेला जाते ती फांदी, आणि तिथून पुढे जंबुकोल वगैरे ठिकाणी लावली जातात ती फळातून उगवलेली आठ रोपं.

पान कुंडीत लावण्याबद्दल काय बोलायचं? पानाच्या देठाला फार तर मुळं फुटतील, पण डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, नसेल तर शेंडा येणार कुठून? बोधगयेत गळलेलं पान मिळालं तर पुस्तकात ठेवा. झाड हवं असेल तर बोटाएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी लागते. कापल्यावर पांढरा चीक गळतो, तो पुसून, काप वाळवून मग मातीत लावायची. आणि लावाल ती विहाराच्या भिंतीपासून लांब. खसखशीएवढ्या बियांतून आलेला पिंपळ गच्चीची भेग कशी रुंदावतो ते आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या वाड्यावर दिसतं.

त्या विक्रेत्याला मी दोनच गोष्टी विचारल्या: रोप फांदीचं की बियांचं, आणि कुठल्या झाडाचं? त्यानं पिशवी उचलून माझ्यापुढे धरली. म्हणाला, “भाऊ, पान बघा ना, पिंपळाचंच आहे!”