मामाची टिटवी होते तेव्हा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की तिची पोरंही येतात, आणि पोरांबरोबर मोबाइलचे चार्जर. अमळनेरात भर दुपारी त्यांना बाहेर सोडायची सोय नाही. म्हणून मीच म्हणालो, "चला, प्राणी-प्राणी खेळू. कोण कसं वागतं तेही कळेल." माझ्या मनात वाघ होता. वाघ दिवसाचा बराच वेळ पडून असतो. ते शास्त्र मला कूलरसमोर प्रात्यक्षिकासह शिकवायचं होतं.

भाचीने मला टिटवी केलं.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, उघड्यावर खड्यांमध्ये साधारण चार अंडी घालते, ही माहिती मीच पुरवलेली. लगेच अंगणातल्या गिट्टीवर चार बटाटे मांडले गेले आणि त्यांच्यावर मला उकिडवं बसवलं. भाचा कुत्रा झाला. (पोरं नेहमी कुत्राच होतात; अंडी उबवायला मोठी माणसं लागतात.) कुत्रा जवळ आला की टिटवी कल्ला करते, पंख मोडल्याचं सोंग घेते आणि लंगडत त्याला भलतीकडे नेते. मी एक हात लोंबता सोडून, ओरडत फाटकाकडे निघालो, तर समोर शेजारच्या जिजी.

"भाऊ, हातले काय व्हयनं?"

"काही नाही जिजी, अंडी वाचवतोय."

त्यांनी बटाटे पाहिले, मला पाहिलं. "ऊन लागनं वाटस," म्हणाल्या आणि खिशात ठेवायला कांदा आणून दिला.

उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, हे वाक्य माझ्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत बादली रिकामी झाली. दुपारभरात मला आवडलेला भाग तेवढाच.

मग भाची कोकिळा झाली. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. ही धाकट्या भावाला जिजींकडे ठेवून आली. जिजींनी त्याला दूध-भाकर भरवून झोपवलंही. कावळाही असंच करतो; बहिणीला मात्र तो धडा पटला नाही.

भारी पडल्या त्या मधमाश्या. १९७३ साली नोबेल मिळालेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी त्यांच्या नाचाचा अर्थ लावला: पोट हलवत माशी ज्या रेषेत धावते ती दिशा, आणि जितका वेळ हलवते तितकं अंतर. सातेरी माशी उभ्या पोळ्यावर नाचते, तिथे 'वर' म्हणजे सूर्याकडे. भिंतीवर चढणं मला झेपणारं नव्हतं, म्हणून मी फुलोरी माशी झालो. ती पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते आणि थेट खाण्याच्याच रोखाने धावते. गुळाचा खडा मी जिन्याखाली लपवला होता. कंबर हलवत तिकडे निघालो खरा, पण ओल्या पायांनी दगा दिला आणि माझा नाच घसरत माजघराच्या दारात जाऊन थांबला.

माजघरात रसाच्या आंब्यांची आढी. आमच्याकडे आखाजीला पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही.

निरोप मिळालेली माशी खाणं शोधून येते, आणि माल चांगला असला तर परतून स्वतः नाचते. माल चांगलाच होता. भाचा गल्लीत जाऊन नाचला. ज्यांनी पाहिलं, तेही नाचले.

संध्याकाळी आईने आढीवरचं गवत सारलं, तर खाली कोयी. "कोनी सांगं रे यास्ले?"

"कुणीच नाही सांगितलं आजी," भाची म्हणाली. "मामा फक्त नाचला."