शेडमधली पालिका

मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण नाशिककरांसाठी मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. रिक्षावाल्याला ‘बॉश सर्कल’ सांगून बघा, बाहेरगावचे समजून भाडं दहा रुपयांनी वाढेल.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात अण्णांच्या हयातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. सातपूरच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मशीनशॉपला काढलेला हा माणूस जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाला, “आमची शेड बरी होती रे. गेटपासून स्टोअरपर्यंत एक पायरी नाही.”

घरी आलो आणि ओस्टकाम्प आठवलं. बेल्जियममध्ये ब्रुग्जजवळचं छोटं गाव. तिथे कोका-कोलाची मोठी शेड रिकामी झाली होती आणि पालिकेची खाती गावभर विखुरलेली. पालिकेने शेड घेतली, तिथेच सगळी खाती आणली. काम माद्रिदच्या कार्लोस अरोयो या वास्तुविशारदाचं, २०१२ मध्ये पूर्ण झालं. त्याने पाडलं फार कमी. फरशी, लोखंडी सांगाडा, छप्पर तर ठेवलंच, पण वीजकेंद्र, हीटिंग, पाणी शुद्ध करायची यंत्रणा, आग विझवायची व्यवस्था, पार्किंग, एवढंच काय कुंपणसुद्धा ठेवलं. आत फक्त जिप्सम आणि काचतंतूंची, काही मिलिमीटर जाडीची पांढरी घुमटं टांगली. फोटोत ती ढगांसारखी दिसतात. दाखला काढायला आलेला माणूस ढगाखाली बसतो आणि त्याला जिना चढावा लागत नाही.

आपल्याकडे वारसा म्हटलं की सरकारवाडा, काळाराम, गोदाघाट. बरोबरच आहे. पण ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून. सातपूर एवढं मोठं कशाने झालं? एमआयडीसीने. नाशिकरोडला तर इंग्रजांच्या काळापासून सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. म्हणजे महापालिका जितकी १८६४ च्या जुन्या नगरपालिकेची लेक आहे, तितकीच कारखान्यांचीही. आणि त्या कारखान्यांची आपल्याकडे खूण काय, तर चौकांची नावं. मायको सर्कल, कार्बन नाका.

अण्णांची कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. गटरात पिंपळ उगवलाय, टाइम ऑफिसची खिडकी कुणीतरी काढून नेली. पण छपराच्या कैच्या बघा, जाड अँगल, आजही सरळ रेषेत. आणि जड मशीनं पेललेली फरशी ती, तिला चार टेबलं आणि शंभर माणसं काय जड होणार? विभागीय कार्यालय, नागरी सुविधा केंद्र, अभ्यासिका, सगळं एका छताखाली मावेल. एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे जमीन मुळात सरकारी महामंडळाचीच. तरी आपण नवी इमारत म्हटली की काचेची आणि पाच मजली काढतो. मग लिफ्ट. मग लिफ्ट बंद.

सगळ्याच शेड कामाच्या नाहीत, हे मान्य. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते नीट काळजीने उतरवावे लागतात, आणि प्लेटिंगवाल्यांच्या, म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्यांच्या, जागेत रसायनं किती मुरलीत ते तपासल्याशिवाय तिथे माणसं बसवू नयेत. पण एक तरी शेड निवडा ना! भूमिपूजनाला नारळ फोडायला मिळणार नाही, हीच काय ती अडचण.

ओस्टकाम्पचे फोटो अण्णांना मोबाइलवर दाखवले. बराच वेळ बोटाने मोठे करून छपराकडे बघत होते. मग म्हणाले, “सगळं ठीक, पण कॅन्टीन कुठेय?”